साडेपाचला थांबणारा पंखा

“आक्का, बसला बघा तुमचा पंखा!”

गजरानं हे दुधाच्या रांगेतून सांगितलं, आणि नुसतं मला नाही, रांगेतल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं. मी डेअरीच्या टेबलाशी बसले होते. मान वर केली नाही.

“बसला तर बसू दे. दमला असंल.”

“बाकीचे न्हाईत दमले ते? त्यो सोळा नंबर बघा, त्यो अठरा बघा. गरागरा फिरत्यात. तुमचाच तेवढा लाडाचा.”

बायका हसल्या. मग मात्र मी उठून बाहेर आले.

वैशाख संपत आला होता. वारा असा की किटल्यांची झाकणं हातानं दाबून धरावी लागत होती. वर सड्यावर, म्हणजे आमच्या खडकाळ पठारावर, पवनचक्क्यांची रांग दिसत होती; आम्ही त्यांना पंखेच म्हणायचो. सगळे फिरत होते. मधोमध माझा सतरा नंबर तेवढा तीन हात पसरून जागच्या जागी उभा.

“काल बी असाच बसला हुता,” गजरा म्हणाली. “परवा बी. म्या म्हनलं, चेअरमनबाईंच्या कानावर घालावं.”

“घातलंस न्हवं? आता दूध घाल आन घरला जा. त्यात पाणी हाय का बघायचंय मला.”

त्यावर बायका जास्त हसल्या. पण ते हसू मला पुरलं नाही.

ह्याला आता अठरा वर्षं झाली. तेव्हा मी महिला दूध संस्थेची चेअरमन होते. शाळा माझी दुसरीतच सुटली, सही येते, वाचायला घेतलं तर बोट ठेवून वाचते. पण वरच्या करंजवडीत माझ्यापुढं आवाज चढवणारा माणूस नव्हता. गजरा माझी धाकटी जाऊ. वाटण्या झाल्यापासून ती गावात राहायची, आम्ही वर सड्यावर, मळ्यातल्या घरात. पंख्यांची कंपनी आली तेव्हा हीच ग्रामसभेत उठून म्हणाली होती, की त्या पात्यांची सावली घरादारांवर फिरंल, माणसाला सुख लागायचं नाही. तिला तिच्या माहेराकडं कुणीतरी सांगितलं होतं. मी भर सभेत उभी राहिले. म्हणाले, “सावली अंगावर पडली म्हणून फोड येत्यात व्हय गं? माझ्या रानात उभा करा. माझ्या घरापुढं उभा करा. बघू मला काय हुतंय.” पन्नास माणसं हसली. गजरा खाली बसली, आणि सतरा नंबर माझ्या रानात उभा राहिला. घरापासून मावळतीला, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर.

म्हणून तो फिरला पाहिजे होता. दुसऱ्या कुणाचा बंद पडला तर चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पंख्याच्या बुडाशी गेले. तिथला ऑपरेटर शिवदास गिराम, परभणीकडचा माणूस. चाळिशी उलटलेला, उंच, वाकून चालणारा. बोलताना गळ्यातल्या पंच्याचं टोक बोटांना गुंडाळायची त्याला सवय. लोखंडी दार उघडून आत काहीतरी पुसत होता.

“गिराम, ह्यो पंखा संध्याकाळचा का बसतो रं?”

तो दचकला. मग हसला. “आक्का, पंखा थांबायला कारणं लई असतेत.”

“एक सांग.”

“वारं फार झालं तर थांबतो. पाती मोडू नयेत म्हणून आपली आपणच आडवी करून घेतो.”

“मग बाकीच्यांस्नी लागत न्हाई का वारं?”

“तसं नाही. कधी वरून फोन येतो, तारांमधी वीज मावंना झालीय, अमका बंद करा, तमका बंद करा. कधी तेल बघायचं असतंय. आन आक्का, ह्याचं डोकं वाऱ्याच्या तोंडाकडं फिरत असतंय ना, फिरून फिरून आतल्या तारांना पीळ पडतो. मग थांबून उलटं फिरतो, पीळ उलगडतो, मग पुन्हा चालू.”

“रोज साडेपाचला पीळ पडतो व्हय?”

त्यानं पंच्याचं टोक बोटांना गुंडाळलं. “तपासणी असती, आक्का.”

“कसली?”

“आपली… असती.” आणि एकदम म्हणाला, “आक्का, एक बोलू का? तात्यांची खाट तेवढी त्या खिडकीपासून हलवा. आतल्या भिंतीला लावा. बरं पडंल त्यांना.”

तात्या म्हणजे आमचे मालक. दोन वर्षांमागं त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मोठ्या खिडकीशी लोखंडी खाट टाकून मी त्यांना तिथं ठेवलं होतं, आणि खिडकीला पडदासुद्धा लावू दिला नव्हता. पडल्या पडल्या आपला पंखा दिसावा माणसाला. आल्यागेल्याला मी तेच दाखवायची. बघा, आमचं मालक दिवसभर पंखा बघत असत्यात.

“माझ्या घरातल्या खाटा कुटं टाकायच्या ते मला परभणीच्या माणसानं शिकवायचं न्हाई,” मी म्हणाले. “तू तुझा पंखा फिरव.”

“बरं, आक्का,” तो म्हणाला आणि पुन्हा पुसायला लागला.

त्यानंतर मी रोज डेअरीच्या दारातून बघायची. साडेपाच वाजले की पाती सावकाश होत होत उभी राहायची. सव्वासहाला परत हलायला लागायची. एक दिवस चुकला नाही. गजराही बघायची आणि रोज काहीतरी नवं बोलायची. एकदा म्हणाली, “आक्का, त्याला बी म्हशीवानी टायमाला पान्हा चोरायची सवय लागली वाटतं.” दुसऱ्या दिवशी ते सगळ्या गावात झालं होतं.

चार दिवसांनी एकदा मी डेअरी सोडून वर गेले, मुद्दाम, कुणाला न सांगता. पंखा बंद होता. बुडाशी सावलीत गिराम आडवा झाला होता, तोंडावर पंचा टाकून. मी त्याला उठवलंही नाही. जे बघायचं ते बघितलं होतं. तिथून माझं घर दीडशे-दोनशे पावलांवर होतं. दारापर्यंत जाऊन सुनेला नुसतं विचारलं असतं तरी पुढचं सगळं वाचलं असतं. पण मला डेअरीवर परतायची घाई होती. गजरा रांगेत असेल आणि मी जाऊन सगळ्यांसमोर सांगेन, त्याची घाई.

कंपनीचे मोठे साहेब महिन्यातून एकदा खालच्या ऑफिसात यायचे. त्या दिवशी मी नवं लुगडं नेसले आणि गेले. मागं संस्थेच्या सहा-सात बायका, त्यांच्यात गजरा. तिला मी बोलावलं नव्हतं. पण ती आली त्याचं मला बरंच वाटलं.

साहेब पोरसवदा होते, चष्म्याचे, बोलायला नीट. “बसा आजी,” म्हणाले.

“आजी म्हनू नका, मी चेअरमन हाय,” मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. भर वाऱ्याचा पंखा बंद, ऑपरेटर सावलीत झोपलेला, मी माझ्या डोळ्यांनी बघितलेला.

साहेबांनी संगणक उघडला. बराच वेळ खालीवर करत राहिले. मग गिरामला बोलावलं. तो दारात उभा राहिला.

“एकोणीस दिवस,” साहेब म्हणाले. “रोज साडेपाचला हातानं बंद केलाय, सव्वासहाला चालू. पुढं लिहिलंय, तपासणी. कसली तपासणी, गिराम?”

त्यानं पंच्याचं टोक बोटांना गुंडाळायला घेतलं.

“फोन नव्हता आला, बिघाड नव्हता, वारा भरपूर होता. मग कशासाठी?”

गिरामनं माझ्याकडं बघितलं. मग माझ्यामागं, बायकांकडं. पुन्हा माझ्याकडं. मला वाटलं, हा आता गयावया करणार. मी पदर खोचून तयारच होते.

“डोळा लागतो, साहेब,” तो म्हणाला.

“काय?”

“उन्हाचा थकवा येतो. त्या टायमाला पडावं वाटतंय. पंख्याचा आवाज नको वाटतो.”

मागं बायका फिसकन हसल्या. गजरा म्हणाली, “अगं बाई, अंगाईगीत म्हणायला पायजे हुतं कुणीतरी.” मीही हसले. खोटं कशाला सांगू? मला त्या वेळी फार हलकं वाटलं. पंखा माझा चांगला होता. माणूस वाईट होता.

साहेब हसले नाहीत. “बिऱ्हाड आणलंय ना तुम्ही इथं?”

“हो साहेब. महिना झाला. पोरींची नावं घातलीत हितल्या शाळेत. दोघींची.”

“मग हे कळायला नको होतं?” साहेबांनी संगणक मिटला. “उद्यापासून पंख्यावर जाऊ नका. परवा सकाळी मी पुन्हा येतोय, तेव्हा किल्ल्या जमा करा आणि पत्र घेऊन जा.”

गिरामनं मान हलवली. जाताना माझ्या शेजारून गेला, तेव्हा म्हणाला, “येतो, आक्का.” मी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी साडेपाच वाजले आणि पंखा फिरतच राहिला. डेअरीतल्या बायकांनी टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. मला राहवेना. टेबल दुसऱ्या बाईकडं सोपवलं आणि तरातरा वर निघाले. म्हटलं, मालकांना सांगावं, बघा, तुमचा पंखा चालू केला मी.

उंबऱ्यातच पाय थांबले.

आमची सून, लक्ष्मी, खिडकीपुढं पाटावर उभी होती. दोन्ही हात वर करून तिनं एक गोधडी खिडकीला धरली होती. गोधडी खिडकीपेक्षा लहान. वरून फट, बाजूनं फट. पंख्यामागं सूर्य उतरला होता आणि त्या फटीतून उजेड आत यायचा, की लगेच पात्याची सावली त्याला कापून जायची. उजेड, अंधार, उजेड, अंधार. भिंत, खाट, माणूस, सगळं खोलीभर उघडझाप होत होतं. मी नुसती दारात उभी होते तरी मला भोवळल्यासारखं झालं, मी चौकट धरली.

मालक खाटेवर होते. मान भिंतीकडं वळवायचा प्रयत्न चालला होता. ती त्यांना वळत नव्हती. डावा हात डोळ्यांवर घेतलेला. आणि तोंडातून एक आवाज येत होता. बारीक, एकसारखा. त्यांच्यासंगं मी चाळीस वर्षं काढली होती, असा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता.

“लक्ष्मे, हे काय?”

तिनं मान वळवली, हात खाली केले नाहीत. रडून रडून तोंड सुजलं होतं. “धरा की वं ती बाजू, आत्याबाई! फीट यील त्यांस्नी!”

मी धावले. पदर सोडला आणि त्या बाजूच्या फटीवर धरला. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. सावली माझ्या हातांवरून, लुगड्यावरून फिरत होती. सव्वासहाच्या सुमारास सूर्य पात्यांच्या खाली उतरला, सावली निघून गेली. मग मालकांचा आवाज थांबला. लक्ष्मी खाली बसली आणि दंड चोळायला लागली.

“फीट म्हंजी? कवा आली हुती?”

“दोनदा. हा पंखा चालू झाल्यावर पयल्या वैशाखात एकदा, आन ह्या साली एकदा. ह्या साली आली तवा गिराम भाऊजी पाणी प्यायला आले हुते. त्यांनीच धरलं मामंजींस्नी. त्यांनीच बघितलं, की सावली आली की हुतंय. धावत गेले आन पंखा बंद केला. दुसऱ्या दिवशीपासनं रोज बंद कराय लागले. सूर्य जरा पुढं सरकला की हुतच न्हाई काही, वीस-पंचवीस दिवसांचाच खेळ हाय, असं म्हनले. तेवढं मी काढतो म्हनले.”

“मग मला का न्हाई सांगितलं?”

तिनं माझ्याकडं बघितलं. ती घाबरत होती, तरी बोलली. “गेल्या साली मी खाट आत सरकवली हुती. आठवतंय? तुमी भाऊकीपुढं मला काय काय बोलला. म्हनला, म्हाताऱ्याला अंधारात टाकून मारायला निघालीस का. आपल्या हातानं परत खिडकीपाशी वढली. आन पडदा लावला तर फाडून टाकीन म्हनला हुता.”

म्हणाले होते. शब्दन् शब्द माझाच होता.

“आन त्यो काल डोळा लागतो का म्हनला? खरं सांगायचं हुतं की सायबाला.”

“गजराकाकी हुत्या न्हवं तितं?” लक्ष्मी म्हणाली. “भाऊजी मला म्हनले, आक्का चारचौघींत मोठेपणानं उभ्या हुत्या. तुमच्या घरातलं माणूस कसं रडतंय ते मी कसं सांगू?”

मी खाटेशी गेले. मालकांचा हात डोळ्यांवरून काढायला गेले. त्यांनी तो काढू दिला नाही.

ती खाट मी त्याच संध्याकाळी हलवायला हवी होती, नाही का? नाही हलवली. उद्या ऑफिसात जाऊन त्या माणसाला परत आणते, मग बघू, असं मनाला सांगितलं.

सकाळी मी एकटी निघाले. चालताना वाक्यं जुळवत होते. साहेबांना बाजूला घेऊन सांगायचं. फार नाही, दोन वाक्यं. ऑफिसच्या पायरीवर गजरा बसली होती. तिच्या बहिणीच्या मुलाला आता ती जागा मिळते का, विचारायला आली होती.

“तुमी कशाला आलाय, आक्का?”

“काम हाय.”

ती उठून माझ्यामागं आत आली. आतल्या बाकावर गिराम बसला होता, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा.

“साहेब,” मी म्हणाले, “ह्याला ऱ्हाऊ द्या. गरीब माणूस हाय. एकडाव माफ करा.”

साहेबांनी चष्मा काढला. “परवा तुम्हीच तक्रार घेऊन आला होतात. मी सगळं पुन्हा तपासलं, चेअरमनबाई. झोपायचंच असतं तर माणूस कधी पाचला झोपेल, कधी सहाला. हा रोज त्याच वेळेला बंद करतो. आणि ह्या महिन्यात, त्याच वेळेला, सतरा नंबरची सावली कुठं पडते, ते मी नकाशावर पाहिलं.” त्यांनी बोट टेबलावर टेकवलं. “तुमचं घर पंख्याच्या उगवतीला आहे ना?”

मी पदर सारखा केला.

“घरात सावली फिरत असेल तर पंखा तेवढा वेळ थांबवायचा, असा आमच्याकडं नियम आहे. घरमालकानं एक अर्ज द्यायचा. मग तेवढी वेळ मशीनमध्येच घालून ठेवतो आम्ही, कुणाला बटण दाबायला लागत नाही.” त्यांनी एक कागद पुढं सरकवला. “तुम्ही इथं सही करा, की घरावर सावली पडते, त्रास होतो. म्हणजे गिरामनं केलं ते बरोबरच होतं. न सांगता केलं एवढीच चूक. ती मी समजावून देईन वर. माणूस राहील.”

कागद माझ्यापुढं होता. पेन त्याच्यावर ठेवलेलं. गिराम बाकावरून माझ्याकडं बघत नव्हता, खाली बघत होता. पण त्याच्या बोटांत फिरणारा जुडगा थांबला होता.

“पडते का सावली?” साहेबांनी विचारलं.

“बोला की, आक्का,” मागून गजरा म्हणाली. आवाज गोड होता. “सभेत तर म्हनला हुता, फोड येत न्हाईत म्हनून. आले व्हय?”

 मला मालकांचा तो आवाज ऐकू येत होता. खरंच येत होता. तरीही मला दुसरंच दिसत होतं. दुधाची रांग, गजरा, किटली खाली न ठेवता सगळ्यांना सांगणारी. आक्कांनी सही केली. आक्कांच्याच पंख्यानं आक्कांचं घर धरलं. म्या सांगितलं हुतं.

“न्हाई,” मी म्हणाले. “आमच्या घरावर सावली-बिवली काही पडत न्हाई.”

“नक्की?”

“मी खोटं बोलते का?”

 साहेबांनी कागद परत ओढून घेतला. “मग माझा इलाज नाही.”

गिराम उठला. किल्ल्या टेबलावर ठेवल्या, आवाज होऊ न देता. पत्र घेतलं, घडी केली, खिशात घातलं. मला वाटलं, हा आता बोलेल. बोलला असता तर मी मानलं असतं, अजून सांगते, त्यानं एक शब्द काढला असता तर मी सही केली असती. पण हे मी आता म्हणते. तेव्हा मी दाराच्या बाजूला सरकून त्याला वाट दिली, एवढंच केलं.

दुपारी तो घरी आला. मी मागल्या दारी होते, तिथूनच ऐकलं.

“वहिनी, धरा खाटेला तिकडून. मी उचलतो, तुम्ही नुसता आधार द्या.”

खाट फरशीवरून ओढल्याचा आवाज झाला. मी आत आले तेव्हा खाट आतल्या भिंतीला लागली होती आणि गिराम मालकांच्या पायाशी बसला होता. “तात्या, आता इकडं उजेड येत नाही,” तो सांगत होता. “आता फिरू द्या त्याला किती फिरायचं ते. मी जातो गावाकडं. वहिनींना त्रास देऊ नका, जेवत जावा.”

मालकांनी डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं होतं. त्यानं सोडवून घेतलं नाही. बसून राहिला. त्यांचा हात आपणहून सैल होईपर्यंत बसला.

“चहा टाकते,” मी म्हणाले. इतकंच सुचलं.

“नको, आक्का. तीनची गाडी हाय. खाली सामान बांधायचंय, शाळेतून दाखले काढायचेत पोरींचे.”

“शाळेत मी सांगू का? दाखला लगीच देत्याल. हेडमास्तर वळखीचा हाय.”

तो थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. रागानं नाही. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं.

“द्या सांगून,” तो म्हणाला. “बरं पडंल.”

आणि मी गेले. हेडमास्तरांना दम दिला, दोन्ही दाखले अर्ध्या तासात काढून दिले. त्या माणसासाठी मी केलं ते एवढंच. त्याच्या पोरींना गावातून लवकर बाहेर काढलं.

मालक पुढं आठ महिने जगले. माझ्या हातचा घास घ्यायचे, पाणी घ्यायचे. पण मी जवळ गेले की डावा हात डोळ्यांवर जायचा. त्या खोलीत तेव्हा सावली नव्हती, काहीच नव्हतं. मीच होते. गिरामचा पत्ता मी दोनदा काढला. ऑफिसातून मिळाला, कागदावर लिहून घेतला. पत्र लिहायला बसले. “गिराम यास” एवढं लिहिलं, पुढं लिहिता येईना. अक्षरं येत नव्हती म्हणून नव्हे.

गावात त्याचं नाव मात्र राहिलं. कसं ते सांगते. डेअरीतल्या त्या बायकांनी घरोघरी नेलं, आणि बघता बघता करंजवडीत आळशी माणसाला गिराम म्हणायला लागले. नांगर सोडून झाडाखाली बसला, झाला गिराम. शाळेला उशीर झाला, आला बघा गिराम. ज्यांनी त्या माणसाला बघितलंही नाही ती पोरं आता म्हणतात. गजरा गेली तीही तेच म्हणत गेली. एकदाही मी कुणाला अडवलं नाही. अडवायचं तर का, ते सांगावं लागलं असतं.

मागच्या महिन्यातली गोष्ट. सकाळचे आठ वाजत आले होते. लक्ष्मी चुलीपुढं भाकरी थापत होती. नात अजून अंथरुणात, डोक्यावरून पांघरूण घेऊन. कॉलेजला जायची वेळ झालेली. मी काठी टेकत गेले, पांघरूण ओढलं आणि म्हणाले, “ऊठ की गं. गिराम झालीस का?”

तोंडातून गेलं. इतकं सहज गेलं, की मला कळलंच नाही.

नात हसत उठली आणि मोरीकडं गेली. लक्ष्मीचे हात मात्र परातीतच थांबले होते. ती माझ्याकडं बघत होती. तव्यावरच्या भाकरीचा वास यायला लागला, धूर यायला लागला, तरी तिनं ती उलटली नाही.